खालून वर

राळेगावच्या बसस्थानकामागे माझ्या मोठ्या भावाची, दादाची, टायपिंगची खोली होती. तिथला कॉम्प्युटर वीसेक वर्षांपूर्वीचा, डब्यासारख्या पडद्याचा. आतली बॅटरी संपलेली, त्यामुळे सुरू केला की तो रोज कुठल्यातरी जुन्या सालातली तारीख दाखवायचा. दादा आधी तारीख दुरुस्त करायचा, मग चहा सांगायचा. नवा घेणे जमले असते, पण त्याचा मराठी फॉन्ट याच यंत्रावर चालायचा. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करतो. तिथल्या नव्या कॉम्प्युटरवर त्याची फाइल उघडून पाहिली, तर नुसती चिन्हे दिसली.

आमच्या बौद्ध वस्तीत कोणी गेले की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका दादाच करायचा. एक प्रत छापायची, बाकीच्या शेजारच्या दुकानात झेरॉक्स. फ्लॉपीच्या काळापासून जागा वाचवायची सवय, म्हणून या कामाला त्याने एकच फाइल ठेवली होती. आधीच्या माणसाचा मजकूर पुसायचा आणि तिथेच नव्याचा लिहायचा. एकदा वरचे नाव बदलले, खालचे ठिकाण तसेच राहिले. मारेगावचे पाहुणे भलत्याच घरी जाऊन बसले. त्या घरच्यांनी त्यांना जेवू घालूनच सोडले. तेव्हापासून दादाचा नियम ठरला: खालून वर पुसायचे, नाव सगळ्यात शेवटी.

मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. त्याची पत्रिका मीच त्या फाइलमध्ये लिहिली. पुढे शाळा सुटल्यावर मी खोली उघडू लागलो. अर्ज, शपथपत्रे करून द्यायचो. पत्रिकेसाठी मात्र दोघे आले, तेव्हा कॉम्प्युटर बिघडला आहे असे खोटेच सांगून त्यांना परत पाठवले. दादाच्या पत्रिकेच्या प्रती घरात आहेत, तेव्हा मजकूर हरवण्याची भीती नव्हती. पण पुढचे कोणी येईपर्यंत त्या फाइलमध्ये दादा होता. फाइलची नक्कल करून ठेवता आली असती. दादाने कोणाचीच ठेवली नव्हती.

मग वस्तीतली एक बाई आली. तिची सासू वारली होती. मी तेव्हा कोणाचा तरी अर्ज छापत होतो, प्रिंटर करकरत होता. बिघडला म्हणायची सोय नव्हती. मी फाइल उघडली. पडद्यावरचे नाव वाचून ती स्टुलावर बसली.

"हे पुसा लागन न तुमाले?"

मी हो म्हणालो.

"माया सासऱ्याच्या वक्ती त्याईनं कोणाचं पुसलं होतं?"

मला ठाऊक नव्हते. दादालाही आठवले नसते बहुधा. तसे मी तिला सांगितले.

"पुसा मंग. मायी बुडी तं लेकीच्या घरी बी दोन दिस टिके नाई. इथं कायची बसून राह्यते."

मी खालून सुरुवात केली. आधी शोकाकुलांची यादी गेली, त्यात माझे नाव होते. मग ठिकाण, मग वेळ. शेवटी गेलेल्याच्या नावाआधी लिहितात तो 'कालकथित' हा शब्द आणि पुढे दादाचे नाव एवढेच उरले. 'कालकथित' तसाच ठेवला. पुढचे पुसले आणि तिच्या सासूचे पूर्ण नाव विचारले.

छापलेली प्रत तिच्या हातात दिली आणि खालचे ठिकाण नीट वाचून घ्यायला सांगितले.