चाकाखालचा वरवंटा

बी विंगची मंडळी, पाणी बंदची सूचना कोपऱ्यात सरकवून आज हा फळा मी घेतलाय.

टीव्हीवरची रविवारची मालिका लागायच्या आत आमच्या ह्यांना गाडी दुरुस्त करायची होती. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा जॉइंट झिजला होता. हँडब्रेक तर कधीचाच गेलाय. मुलुंडच्या आपल्या या उतारावर सगळेच करतात तशी गाडी गिअरमध्ये टाकली, चाकाला आमचा वरवंटा लावला आणि हे गाडीखाली सरकले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "माझो वरवंटो चाकाखाली? लाज नाय तुका?"

"आये, गाडी गिअरात आसा, हलूची नाय. ने तू," हे खालूनच म्हणाले.

त्या वरवंटा काढून घेऊन वाटण वाटायला वर गेल्या. मी चहा घेऊन उतरले आणि तेव्हाच ह्यांनी दांडा सोडवला. दांडाच सुटल्यावर गिअर चाकांना धरणार कसा? गाडी हलली. ह्यांचे पाय चाकापुढेच होते. शेजारी पडलेली स्टेपनी मी चाकापुढे ढकलली, तेव्हा गाडी थांबली. पायापासून वीतभरावर.

सार झालंय, पण जेवायला कुणी बसलं नाही. सासूबाई खाली गेल्या आणि मसाला लागलेला वरवंटा स्वतः चाकाला लावून आल्या.

तुमच्या गाडीच्या चाकाला काय लावलंय, बघून याल का? आणि आमचा वरवंटा कुणी उचलू नका.