उतू न गेलेलं दूध

बंगळुरातल्या येलहंकाच्या आमच्या नव्या घरात पहिलं दूध माझ्या हातून उतू गेलं नाही, आणि त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

इकडची रीत अशी, की गृहप्रवेशाला घरच्या बाईने दूध तापत ठेवायचं आणि उतू जाईपर्यंत नुसतं बघत उभं राहायचं. एवढं सोपं काम! दूध काठाशी आलं आणि डोक्यावरून हवाई दलाचं विमान गर्जत गेलं. माझा हात गॅसच्या बटणावर. खट्. पुन्हा पेटवला, दूध चढलं, दुसरं विमान आलं. पुन्हा खट्.

"काय करालाय ओ! सोडा की ते बटण!" शेजारच्या, बेळगावकडच्या अक्का ओरडल्या. शेवटी मला बाजूला सारून त्यांनीच दूध उतू जाऊ दिलं.

आमच्या ह्यांच्या नोकरीपायी आम्ही दोन वर्षं उत्तरेत, सीमेलगत काढली होती. तिथे तोफा सुरू झाल्या की नियम एकच: आधी गॅस बंद, मग जिन्याखाली. एका सकाळी गल्लीच्या टोकाचं घर गेलं. त्या घरातल्या बाईने आदल्या दिवशी माझ्याकडून विरजण नेलं होतं.

इथली विमानं आपलीच, सरावाची, हे मला कळत होतं. पण हाताला कोण समजावणार? रोज काहीतरी कच्चं राहायचं. "आज हवाई दल जोरात होतं वाटतं, भात टचटचीत आहे," हे म्हणायचे. मी हसायची आणि आतून चिडायची. हे घर मला माझं वाटतच नव्हतं. एकदा स्पष्टच म्हटलं, "विकून टाकू या हो. मला इथं नाही राहवत."

"एक उन्हाळा जाऊ दे, मग बघू," हे म्हणाले.

परवा सकाळी दूध गॅसवर ठेवून मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. तीन विमानं आली. मी मान वर करून बघितलं आणि पलीकडच्या गच्चीवरच्या अक्कांना म्हटलं, "तिसरं मागं पडलंय हो."

"दमलं असंल स्वल्प," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो. मी आणखी दोन टॉवेल झटकून दोरीवर टाकले. मग करपल्याचा वास आला.

धावत खाली आले. ओट्यावर, शेगडीखाली, फरशीवर दूधच दूध. मी गॅस बंद केला. तेवढ्यात हे बाहेरच्या खोलीतून फडकं घेऊन आले.

"अगं, आत्ताच विमानं गेली ना? आणि तू गॅस..."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हे वाकून फरशी पुसायला लागले, तसा मी त्यांचा हात धरला.

"थांबा, पुसू नका. आधी अक्कांना बोलावते."