दादाच्या डिस्कमधली मागची जागा

दादा गेल्यावर त्याचं देवळी गावातलं कॉम्प्युटरचं दुकान वहिनीने चालू ठेवलं. फोटो, लग्नपत्रिका, अर्जांचं टायपिंग. पावसाळा संपता संपता डिस्क भरली, तेव्हा एका रविवारी मी वर्ध्याहून गेलो.

त्या एकाच कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या कामासाठी विंडोज होतं आणि दादाचं स्वतःचं लिनक्स होतं. दुपारी दुकानात कोणी नसलं की तो लिनक्स उघडून छोटे छोटे प्रोग्राम लिहीत बसे. मला त्यातलं जे थोडंफार येतं ते त्यानेच शिकवलेलं.

"यायचा भाग पुसून टाका, भाऊजी," वहिनी दादाच्या लिनक्सबद्दल म्हणाली. "मले त्यातलं काई समजत नाई. अन् शाळेच्या पोरायचे फोटो ठेवाले जागा नाई."

दादाचीच लिनक्सची सीडी घालून मी डिस्क पाहिली. शेवटी बरीच जागा कोरी होती. घर बांधताना मागे जागा सोडावी तशी त्याने ती सोडली होती, पण तिथे जायला वाट ठेवायची राहून गेली होती. डिस्कचे मुख्य भाग चारच करता येतात आणि चारही त्याने वापरून टाकले होते: विंडोजचे दोन, लिनक्सचा एक, आणि मेमरी कमी पडली तर लिनक्सला लागणारा स्वॅप. एक मोडल्याशिवाय नवा होणार नव्हता.

दादाचा भाग मोडणं सगळ्यात सोपं होतं. पण मी त्याऐवजी स्वॅप मोडला. त्यात जपून ठेवलेलं काही नसतं. तिथून शेवटपर्यंत एक मोठा भाग आखला आणि त्याच्या पोटात दोन, एक पुन्हा स्वॅपसाठी, दुसरा फोटोंसाठी.

आखलेलं सगळं 'डब्ल्यू' दाबेपर्यंत डिस्कवर उतरत नाही. मी आकडे परत वाचले. एखादा चुकला असता तर दादाचं सगळं गेलं असतं.

"काऊन थांबले?" वहिनीने विचारलं. "दोघं भाऊ सारखेच. मशीनसमोर बसले का चहा थंडा झाला तरी पत्ता नाई."

तो गेल्यापासून ती पहिल्यांदाच असं बोलली होती. मग मी डब्ल्यू दाबलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून लिनक्स निवडलं. ते नीट उघडलं, पडद्यावर दादाचं नाव आलं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"तुमाले सांगतला होता?" वहिनीने विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

तिने नकारार्थी मान हलवली. पदराला हात पुसत ती त्या नावाकडे पाहत उभी राहिली.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "नका पुसू."

पासवर्ड मोडून आत शिरण्याची रीत मला माहीत होती. मी ती वापरली नाही. विंडोज सुरू करून नवा भाग तयार करून दिला, आणि वहिनी पोरांचे फोटो तिकडे हलवू लागली.