थांबचा फोटो

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर फोटोकाकांचा स्टुडिओ आहे आणि त्याच्या मागच्याच दोन खोल्यांत त्यांचं घर. ओळखपत्रांचे फोटो काढता काढता ते प्राण्यांच्या फोटोंकडे वळले. का, असं विचारलं तर म्हणतात, "माणसं फोटोत स्वतःसारखी दिसायला तयार नसतात हो."

त्यांच्या शर्टाची कोपरं कायम मळलेली. मांजराचा फोटो काढायचा तर काका फरशीवर पालथे पडतात. उभ्यानं काढलेल्या फोटोत मांजर नसतं, आपली ऐट असते, असं त्यांचं मत. फ्लॅश नाही, खिडकीचा उजेड पुरे. लक्ष डोळ्यांवर, आणि मग वाट बघायची. एका पोपटासाठी ते अख्खी दुपार आडवे होते. पोपटाची मालकीण शेवटी म्हणाली, "काका, झोप लागली का तुम्हाला?"

"मला नाही, त्याला लागलीय. उठवू नका. रागावलेला पोपट फोटोत चांगला येत नाही."

स्टुडिओच्या भिंतीवर गावभरची कुत्री-मांजरं आहेत. घरचा कुत्रा मात्र नाही. दिव्याखाली अंधार, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

दोष त्याच्या नावाचा होता. पिल्लू असताना तो रस्त्यात काकांच्या मागे लागला. काका वळून वळून "थांब, थांब" म्हणत राहिले आणि तेच आपलं नाव, असा त्यानं समज करून घेतला. घराशी पोचेपर्यंत तो पक्का झाला होता. काकूंनी दुसरं चांगलं नाव ठेवून पाहिलं, पण तो ढुंकून बघेना. आता फोटोसाठी प्राणी एका जागी राहायला हवा. याला "थांब" म्हटलं की हा धावत येऊन कॅमेऱ्याची काच चाटणार. दुसरा शब्द वापरायचा ठरवलं तरी ऐन वेळी काकांच्या तोंडून तोच निघायचा. बांधून फोटो काढायला ते तयार नव्हते. "बांधलेला कुत्रा दोरीकडेच बघतो." एकदा काकूंनी कॅमेरा हातात घेतला. त्या फोटोत थांबचं नाक आणि काकूंचं बोट, दोन्ही सुरेख आलं होतं.

"काढू की सावकाश," काका म्हणायचे. "तो कुठे पळून जातोय?"

या थंडीत थांबनं खाणं सोडलं. त्याची मूत्रपिंडं निकामी झालीत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "आता त्याला त्रास होऊ नये, एवढंच आपल्या हातात आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीला गेले. थांबचं अंथरूण खिडकीजवळ सरकवलेलं होतं. काका समोर पालथे पडले होते, कॅमेरा डोळ्याला.

"बाई, पहिल्यांदाच अंतर बरोबर मिळालंय," ते मान न वळवता मला म्हणाले. "उजेडही छान आहे."

"मग काढा ना," काकू दारातून म्हणाल्या.

थांबची नजर भिंतीकडे होती. काकांनी किल्ल्या वाजवल्या, जिभेनं टकटक केलं, रबरी बदक दाबलं. साऱ्या गावाची कुत्री ज्या आवाजांना वळतात ते सगळे करून झाले. थांबचा कानही हलला नाही.

"अहो, हाक मारा त्याला."

"हाक मारली तर उठेल तो."

"उठायचं बळ आहे कुठे त्याच्यात?"

"तेच म्हणतोय मी."

एकदाच डोळे इकडे झाले असते, तर काकांना पुरलं असतं. अखेर त्यांनी अगदी हळू, जवळजवळ श्वासातच म्हटलं, "थांब."

थांबनं मान उचलली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीचा उजेड दोन्ही डोळ्यांत आला. मग त्यानं पुढचे पाय फरशीवर टेकले. मागचे उठेनात, तसा तो पोटावर घसटत पुढे येऊ लागला.

काकांचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"नको रे," ते म्हणाले, "थांब."

थांबनं आणखी जोर केला.

"अरे थांब, थांब ना..."

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका आता."

काकांनी कॅमेरा बाजूला सारला. एका हातानं स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं आणि दुसऱ्या कोपरावर सरपटत ते त्याच्याकडे निघाले.