दगा कुणी द्यायचा

मातीतली कुस्ती सोडून मी दोरीच्या रिंगणात गेलो, तेव्हा आमच्या तालमीच्या वस्तादांनी माझ्याशी बोलणं टाकलं. चमकदार चड्ड्या घालून माईकवर आरडाओरडा करायचा, याला ते कुस्ती म्हणायलाच तयार नव्हते. मला त्यांचा भयंकर राग आला होता. चाकणच्या कंपनीत आठ तास प्रेस मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला मातीत कुणी विचारत नव्हतं, आणि इथे वाकडचा एक जिमवाला पोस्टरवर माझा फोटो छापत होता.

आमची कुस्ती जोडीची होती. एकाने आत लढायचं, दुसऱ्याने दोरीबाहेर हात पुढे करून उभं राहायचं. आतला दमला की त्याने त्या हातावर टाळी द्यायची आणि बाहेरच्याने आत यायचं. कोण दमणार, कोण जिंकणार हे सगळं आधीच ठरलेलं असायचं. आमच्याकडे अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, आणि पैलवानाला त्याहून मोठी शिवी नाही. गावात अर्धे लोक आमची कुस्ती नुरा म्हणत, अर्धे खरी मानत. माझे वडील दुसऱ्या अर्ध्यात होते, कारण मी त्यांच्यासमोर देवाची शपथ घेऊन ती खरी आहे असं सांगितलं होतं. कुणी विचारलं नसतानाही सांगितलं होतं. फुशारकी हा माझा जुना आजार आहे.

माझा जोडीदार आमच्याच गावचा. फाट्यावर त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. तो मुसलमान होता. हे सांगायची गरज मला आधी कधी पडली नव्हती. आता पडते, त्यातच सगळं आलं.

तो माझ्यापेक्षा चांगला होता, हे तेव्हा मी कबूल केलं नसतं. सरावात मला डोक्यावर उचलून आपटताना तो शेवटच्या क्षणी माझी मान तळहातावर झेलायचा. बाजूला बसलेल्यांना फक्त आपटल्याचा आवाज ऐकू यायचा. चार वर्षांत त्याच्या हातून मला साधं खरचटलंही नाही. माझ्या हातून मात्र त्याचा दात गेला, त्यावर तो आठवडाभर हसत होता.

पिंपळे गुरवला एका हॉलमध्ये जुन्या गाद्या टाकून आम्ही सराव करायचो. तिथेच एके दिवशी जिमवाल्याने सांगितलं, जोडी फोडायची. लोकांना आता भांडण पाहिजे. पुढच्या सामन्यात मी माझ्या जोडीदाराच्या पाठीत खुर्ची घालायची आणि त्याला तसाच टाकून निघून जायचं. सामना आमच्याच गावाशेजारच्या मैदानावर होता. पहिल्या रांगेत वडील बसणार होते.

मी जोडीदाराला बाजूला घेतलं.

"माझ्या बापासमोर मला हे जमायचं न्हाई, भावा. गावात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

तो गुडघ्याला पट्टी बांधत होता. त्याने वर पाहिलं. "मग मी घालतो खुर्ची. त्यात काय एवढं? खोटंच तर हाय."

जिमवाल्याला ही अदलाबदल सांगितली, तेव्हा तो क्षणभर आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे तर अजून भारी होईल."

भारी का होईल, हे मला कळलं नव्हतं असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. कळलं होतं. तिथल्या तिथे, त्याचं वाक्य संपायच्या आत कळलं होतं. आणि माझ्या जोडीदारालाही कळलं असणार, कारण तो पुन्हा पट्टी बांधायला लागला आणि हसला नाही.

सामना रविवारी दुपारी होता. मी टाळी द्यायला हात पुढे केला, त्याने तो झिडकारला, खुर्ची उचलली आणि माझ्या पाठीत घातली. इतकी हलकी घातली की जिमवाला नंतर त्याच्यावर चिडला. मी मात्र जीव गेल्यासारखा पडलो. मैदानात शिव्या सुरू झाल्या. त्यात एक आवाज अगदी जवळून आला, "दाखवली ना शेवटी जात!" त्यावर शेपन्नास जण ओरडले.

माझं तोंड खाली होतं. ठरल्याप्रमाणे पंचाने दहा आकडे मोजल्यावर मी उठायचं होतं, पण मी उठलो नाही. लोक माझ्यासाठी हळहळत होते, माझं नाव घेत होते, आणि मला ते आवडत होतं. हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. तो बाटल्या चुकवत एकटा बाहेर गेला आणि मी पडूनच राहिलो.

गावात कुणी बहिष्कार वगैरे टाकला नाही. तसं काही झालं असतं तर निदान भांडता आलं असतं. फक्त फाट्यावरच्या गॅरेजसमोर उभ्या असणाऱ्या गाड्या कमी झाल्या आणि पलीकडच्या गॅरेजसमोर वाढल्या. चहाच्या हॉटेलात लोक मला विचारायचे, "पाठ कशी हाय, पैलवान?" मी म्हणायचो, "दुखते अजून." वडील म्हणाले, "त्याचा नाद सोड." मी मान डोलावली.

दोन महिन्यांनी तो फर्स्ट शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर आला. मळकट कपड्यांतच आला होता.

"एकदा चारचौघांत सांग, राव. खेळ होता म्हणून सांग. एवढंच."

"तूच सांग की."

"मी सांगितलं तर सारवासारव वाटंल. मार तू खाल्लायस. तू सांगितलंस तरच लोक ऐकतील."

त्याचं म्हणणं खरं होतं. पण खेळ होता म्हणायचं तर शपथ खोटी पडत होती, चार वर्षांची प्रत्येक कुस्ती नुरा ठरत होती आणि गावाने दिलेलं पैलवान हे नाव जात होतं. मी म्हटलं, "सांगतो." मी कुणालाही सांगितलं नाही. त्यानेही नाही. जोडीदाराचं गुपित जोडीदाराने फोडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला नियम त्याने एकट्याने पाळला. वर्षाच्या आत गॅरेज बंद करून तो घरच्यांना घेऊन थेरगावला गेला.

माझा गुडघा गेला, रिंगण सुटलं, वडीलही गेले. ज्यांच्यासाठी गप्प बसलो तेच राहिले नाहीत, तेव्हा माझ्याकडे कारण उरलं नाही. यंदा एका सुट्टीच्या दिवशी पत्ता काढून मी डांगे चौकाजवळच्या त्याच्या घरी गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत होतो.

दार त्याच्या आईने, चाचीने उघडलं. तो गाडीचा पार्ट आणायला बाहेर गेला होता. चाचीने मला ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही मला हाकलून देणार. तिने पाणी दिलं, खुर्ची पुढे केली आणि पदर सावरून माझ्यासमोर खाली बसली.

"पाठ दुखती का रे अजून?"

मला आधी कळेचना.

"लई येळा इचारलं त्याला," ती म्हणाली, "का मारलंस, त्या पोरानं तुझं काय वाकडं केलं हुतं? कधी बोलला न्हाई. इचारलं की उठून जातो. तुझ्या अब्बांना सांगायला यायचं हुतं मला, पर लाज वाटली." तिने हात जोडले. "माझ्या लेकानं दगा दिला तुला. त्याला माफ कर, बेटा. मी हाय तवर माफ कर."

त्याने आईलाही सांगितलं नव्हतं.

घोकलेलं सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तिच्या जोडलेल्या हातांकडे बघत मी म्हणालो, "केलं माफ, चाची."

ती रडली, माझ्या गालांवरून हात फिरवून तिने कानशिलांवर बोटं मोडली. तो यायच्या आत मी जिना उतरलो.