पाण्यावर लावलेलं माप

परवा वारंगा फाट्यावर एका टँकरमधून सरकीचं तेल सांडलं होतं. त्या वासानं वीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट वर आली. तेव्हा एका तेल गिरणीत मी टाकीची पातळी दाखवणारं यंत्र बसवलं. टाकीत सोडलेली सळई आणि टाकीची भिंत यांच्यामध्ये वीज किती साठते, त्यावरून काटा हलतो. पण पाण्यात ती कितीतरी जास्त साठते, तेलात अगदी थोडी. तेल अजून निघायचं होतं, म्हणून घाईत मी पाणी भरूनच काट्याचं माप लावलं. पुढे टाकी तेलानं भरली, तरी काटा पाव टाकीवरच! मालकानं गिरणीच्या, तांड्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या राखणदाराला तेलचोर ठरवलं. तो टाकीत बांबू बुडवून घेऊन आला. "मालक, बगा, गळ्यापर्यंत भरून हाय. मी काहून चोरू?" मालक हसला, "बांबूला तेल चोपडून आणलंस व्हय, म्हाताऱ्या? मशीनची तुझ्याशी काय दुश्मनी हाय?" शिडी चढून आत डोकावायची तकलीफ एकानंही घेतली नाही! बांबू पाहताच मला माझी चूक कळली होती, तरी नोकरीच्या भीतीनं मी गप्प उभा राहिलो. म्हाताऱ्याला त्याच दुपारी हाकललं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप माप तेलावर लावलं. एक थेंबही न ओतता काटा वर गेला. मालक सगळ्यांसमोर ओरडला, "बगा, चोर गेला अन् टाकी भरली!" त्या मालकाचा संताप मला आजही येतो, पण त्या वाक्यावर सगळे हसले तेव्हा मीही हसलो होतो, त्या माझ्या हसण्याचा जास्त येतो.