खांबाखालचा लवू

आखातातल्या फिंतासच्या एका फुटबॉल क्लबात कुडाळचा लवू वायरमन होता. मैदानाचे दिवे त्याच्या हाती. एका हंगामात तिथं फर्गल नावाचा आयरिश खेळाडू आला. सराव संपला की बाकीचे आपापल्या गाड्या काढत. फर्गल मात्र एकटाच गोलात चेंडू मारत राही. घरी जायची घाई असायला घरात कोणी लागतं. लवूच्या खोलीवर सहा जण होते, पण त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं. म्हणून तोही एका खांबाचे दिवे चालू ठेवून खाली बसून राही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. उजेडाने डोळे दिपल्यामुळे फर्गलला खालचा लवू दिसत नसे, म्हणून निघताना तो दिव्यांनाच हात करी.

गुडघ्याने दगा दिला, तसा क्लबने त्याला नारळ दिला. पुढं फर्गल मायदेशी लहानसहान क्लबांतून खेळत राहिला आणि लवू ते मोबाइलवर शोधून बघत राहिला.

काल त्याचा शेवटचा सामना झाला. लोक पांगल्यावर फर्गल थांबला, खांबावरच्या दिव्यांकडे बघून त्याने हात वर केला.

"तो वर कोणाक हात करता रे?" शेजारच्या खाटेवरून लवूच्या मोबाइलमध्ये डोकावत सुदेशने विचारलं.

"देवाक," लवू म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.